गोचिडात रोगजंतू ‘आढळला नाही’ म्हणजे नेमके काय?

गोचिडांच्या सर्वेक्षणाची बातमी येते तेव्हा तिच्यात दोन आकडे असतात: किती गोचीड तपासले आणि त्यांपैकी किती बाधित निघाले. त्यांच्यातून डीएनए कोणत्या पद्धतीने वेगळा केला, हे मात्र शोधनिबंधाच्या एखाद्या ओळीत दडलेले असते. माझ्या मते ती ओळ आकड्यांइतकीच महत्त्वाची आहे.

गोचिडातून डीएनए काढणे तसे अवघड. त्याचे कायटिनयुक्त कवच चिवट असते. ते नीट फोडले नाही, तर महागडे किटही हतबल ठरते. शिवाय रक्त पिऊन टम्म फुगलेल्या मादीच्या पोटातील हीम पीसीआरमधील विकराचे काम रोखते. म्हणजे रोगजंतू नमुन्यात असूनही चाचणी ‘नाही’ म्हणू शकते.

प्रचलित पद्धतींचे गुणदोष याच कसोटीवर तोलावे लागतात. फिनॉल-क्लोरोफॉर्म पद्धत स्वस्त असून डीएनए भरपूर देते; पण रसायने विषारी, काम वेळखाऊ, आणि फिनॉलचा अंश उरला तर पुढची अभिक्रिया बिघडते. सिलिका स्तंभाचे किट हीम बऱ्याच अंशी धुऊन काढते आणि निकालांत सातत्य देते. मात्र हजारो नमुन्यांसाठी त्याचा खर्च विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला झेपत नाही. अमोनियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात गोचीड उकळण्याची युक्ती सर्वांत सोपी: शेवटी नळीचे झाकण उघडून अमोनिया उडू दिला की अर्क तयार. रक्त न प्यायलेल्या गोचिडांच्या मोठ्या सर्वेक्षणाला ती सोयीची आहे. फुगलेल्या मादीसाठी तिच्यावर विसंबणे धोक्याचे, कारण तिच्यात हीम वेगळे होतच नाही.

तेव्हा ‘सर्वोत्तम पद्धत कोणती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या अवस्थेतील गोचीड, कोणता रोगजंतू आणि किती नमुने, यांवर उत्तर ठरते. पद्धत कोणतीही निवडा, तिची परीक्षा मात्र टाळता येणार नाही. 260/280 गुणोत्तर 1.8 च्या आसपास आले म्हणून समाधान मानू नये. तो डीएनए गोचिडाचा, गाईचा की जिवाणूचा, हे ते गुणोत्तर सांगत नाही. प्रत्येक नमुन्यात गोचिडाचे स्वतःचे 16एस मायटोकॉन्ड्रियल जनुक वाढते का, हे पाहावे. ते वाढले नाही, तर नमुना ‘निगेटिव्ह’ नव्हे, ‘अयशस्वी’ म्हणून नोंदवावा. अर्क दहापट विरल करून पुन्हा तपासल्यास अडथळ्याचा अंदाज येतो. गोचीड न घातलेली एक कोरी नळीही आरंभापासून सोबत चालवावी, म्हणजे रसायनांतून आलेले जिवाणूंचे डीएनए उघडे पडते.

हा काटेकोरपणा पुस्तकी नव्हे. थायलेरिया, बबेसिया आणि अॅनाप्लाझ्मा हे गोचीडजन्य रोगजंतू आपल्या पशुपालकांचे मोठे नुकसान करतात. संकरित गाईंना थायलेरिया विशेष घातक ठरतो. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला माकडताप पुढे गोवा आणि सिंधुदुर्गापर्यंत पोहोचला. त्याचा विषाणू आरएनएचा आहे. केवळ डीएनएची चाचणी करून त्याबाबत निर्वाळा देताच येत नाही. एका राज्यातील प्रयोगशाळा गोचीड उकळते, दुसरीकडची किट वापरते. अशा वेळी दोन आकड्यांतील तफावत रोगाची की पद्धतीची, हे कसे ठरवणार?

वेळ आणि पैसा नाही, ही अडचण खरी आहे. तरीही ज्ञात प्रमाणात रोगजंतूचा डीएनए मिसळलेले तेच मोजके नमुने निरनिराळ्या प्रयोगशाळांनी आपापल्या पद्धतीने तपासून निकाल खुले करणे, हे आवाक्याबाहेरचे नाही. विद्यार्थ्यांनी शोधनिबंध वाचताना निष्कर्षाआधी पद्धतीचे प्रकरण उघडावे. ‘आढळला नाही’ या दोन शब्दांवर गावाची आणि गोठ्याची सुरक्षितता ठरते. ते उच्चारण्याचा अधिकार ‘असता तर नक्की सापडला असता’ हे दाखवून देणाऱ्यालाच आहे.