अलार्म उशिरा वाजतो

मंडळी, या वीकेंडला विषय किडनीचा. रक्तातलं क्रिएटिनिन वाढेपर्यंत बऱ्याचदा निम्मं काम बंद पडलेलं असतं. म्हणजे सर्व्हर झोपल्यावर येणारा अलार्म! लघवीत मात्र प्रथिनांचे हजारो तुकडे असतात. त्यातले २७३ निवडून २०१० मध्ये युरोपात 'सीकेडी-२७३' चाचणी तयार झाली. मधुमेहींमधला धोका ती आधीच ओळखते, हे २०२० च्या 'प्रायॉरिटी' अभ्यासात दिसलं. औषधाने तो टळला नाही, ही गोष्ट वेगळी.

पण डेटा तिकडचा. आपल्या विदर्भात, अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, खारं पाणी पिणारे लोक किडनीच्या तक्रारी वर्षानुवर्षं सांगताहेत. त्यांचे नमुनेच नसतील, तर मॉडेल त्यांना ओळखणार कसं? म्हणून महागडं मशीन नंतर. आधी गावोगावचे नमुने नागपूरच्या मेडिकलमध्ये गोठवून ठेवा, पुढे कोण आजारी पडतं ते नोंदवा. तोवर लघवीतलं अल्ब्युमिन तरी तपासा राव!