फ्लेक्सकडे बघणारा कॅमेरा



‘चौकाचौकांत कॅमेरे बसवा, चोऱ्या आपोआप थांबतील’ हे गेल्या अंकातील वाचकपत्रातले मत पटले नाही. कॅमेरे नकोत, असे नव्हे. २६/११ नंतर मुंबईत हजारो कॅमेरे लागले, तपासात त्यांचा उपयोग होतोच. पण तपास वेगळा आणि गुन्हा घडूच न देणे वेगळे. चाळीस वर्षांतील अभ्यासांचा २०१९ मधील एक आंतरराष्ट्रीय आढावा सांगतो, की कॅमेऱ्यांमुळे गुन्हे सुमारे १३ टक्के घटले. सर्वाधिक फरक वाहनतळांवर पडला. हिंसक गुन्ह्यांवर ठळक परिणाम दिसला नाही. पडद्यावर सतत कोणाची तरी नजर होती आणि जोडीला इतर उपायही होते, तिथे गुण अधिक आला.

आमच्या कोपऱ्यावरचा कॅमेरा मात्र कुठल्याशा दादांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सकडे एकटक बघत असतो. (दादा सुरक्षित आहेत.) सोसायटीत चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरचा पासवर्ड तो बसवून गेलेल्या माणसालाच ठाऊक.

गुन्हा घडूच न देण्यासाठी काय लागते, हे पाहायचे तर भिवंडी आठवा. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या या गावात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पोलीस आणि रहिवासी एकमेकांना नावानिशी ओळखू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. कॅमेऱ्यांचा जमाना तेव्हा यायचाच होता.

तेव्हा नगरसेवकांकडे कॅमेरे मागताना एवढेही विचारावे: पडद्यासमोर बसणार कोण, बिघाड झाल्यास दुरुस्ती कोणाकडे, आणि आमचे चित्रण किती दिवस, कोणाच्या ताब्यात राहणार?

– एक वाचक