सुई चुकली; नोंद का चुकावी?

भूल देताना औषध धमनीत गेले आणि रुग्णाची बोटे काळी पडली, की मथळा ठरलेला असतो : ‘चुकीच्या इंजेक्शनने हात गमावला’. या मथळ्यात आरोपी असतो, विज्ञान नसते.

वस्तुतः येथे औषध योग्य असूनही वाहिनी चुकलेली असते. कोपराच्या खळगीत शीर आणि धमनी एकमेकींच्या निकट असतात. काहींच्या हातात तर धमनी त्वचेलगतच्या थरातून जाते. शिरेतले औषध हृदयाकडे जाताना रक्तात मिसळून विरळ होते. धमनीतले मात्र अरुंद होत जाणाऱ्या फांद्यांतून थेट बोटांकडे धावते. १९३४ मध्ये वापरात आलेल्या थायोपेंटोनचे द्रावण तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा सामू १० हून अधिक, तर रक्ताचा ७.४. रक्तात त्याचे स्फटिक होतात, सूक्ष्म वाहिन्या तुंबतात, त्यांचे अस्तर दुखावते, रक्त गोठते आणि प्राणवायूवाचून ऊती मरतात.

हे ज्ञान आले कोठून? अपघातांच्या प्रामाणिक नोंदींतून. पाच टक्क्यांऐवजी अडीच टक्क्यांचे द्रावण वापरावे, हात जळजळला किंवा पांढरा पडला तर तत्काळ थांबावे, आणि सुई न काढता तिच्यातूनच उपचार द्यावेत, हे धडे त्या नोंदींनीच दिले.

तंजावरचे नाव मराठी माणूस अभिमानाने घेतो. तेथे दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातील (१७९८–१८३२) नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. दोनशे वर्षांपूर्वी राजाश्रयाने रुग्णाची नोंद ठेवली जात होती. आज अपघाताची नोंद भीतीपोटी दडपली जात असेल, तर त्या वारशाचा गौरव करण्याचा अधिकार आपल्याला कितपत उरतो?

‘मग डॉक्टरांना मोकळे सोडायचे काय?’ मुळीच नाही. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा घोर असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात स्पष्ट केले. भरपाईचा मार्ग त्याने बंद केलेला नाही. पीडिताला भरपाई मिळालीच पाहिजे. परंतु एका भूलतज्ज्ञाला चव्हाट्यावर उभे केल्याने पुढच्या रुग्णाची धमनी सुरक्षित होत नाही. धमनीच्या आणि शिरेच्या नळीला एकच सिरिंज बसते, हा दोष बोटांचा नव्हे, रचनेचा आहे. नळ्यांवर ठळक खुणा, औषधांवर रंगीत चिठ्ठ्या आणि निर्भयपणे नोंद करण्याची मुभा यांची मागणी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी करावी.

चूक मानवी असते. ती लपवणे मात्र विज्ञानद्रोह आहे, आणि त्याची किंमत पुढचा रुग्ण आपल्या हाताने मोजतो.