विक्रीपूर्वीचा रंग

घर विकावयाचे ठरले की प्रथम रंगारी बोलवावा, हा व्यवहारचातुर्याचा पहिला पाठ होऊन बसला आहे. रंगाशी आमचे वैर नाही. रंगाखाली दडविलेल्या दोषाशी आहे.

गोमंतकातील जुनी घरे चिऱ्याची. चिरा पाणी शोषतो आणि चुन्याचा गिलावा ती ओल हळूहळू बाहेर जाऊ देतो. विक्रीच्या घाईत त्यावर सिमेंट थापले की ओल आत कोंडते. चार महिने भिंत झकपक दिसते; मृगाच्या सरी कोसळल्या की पापुद्रे सुटू लागतात. तोवर खरेदीखत नोंदलेले असते!

‘घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत,’ असे आमचे पक्षकारच आम्हांस सुनावतात. त्यांनी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम वाचावे. विक्रेत्यास ठाऊक असलेला, पण खरेदीदारास साधारण दक्षतेने न सापडणारा महत्त्वाचा दोष सांगणे, विरुद्ध करार नसल्यास, विक्रेत्याचे कर्तव्य आहे. तो न सांगणे हे कायद्याच्या लेखी कपट होय. जी भेग तुम्हीच गिलाव्याने बुजविली, ती घेणाऱ्याने कोणत्या डोळ्यांनी पाहावी?

मग घर पडके विकावे काय? मुळीच नव्हे. वाळवीने पोखरलेले वासे बदला, छप्पर शाकारून घ्या, चुन्याची डागडुजी चुन्यानेच करा आणि त्या खर्चाचा मोबदला निःसंकोच मागा. परंतु देवघरामागची ओल संगमरवराने झाकून वाढीव किंमत घेण्यास दुरुस्ती म्हणू नका. ‘पश्चिमेच्या भिंतीस ओल येते, हे खरेदीदारास सांगितले आहे,’ अशी ओळ खरेदीखतात घाला. भाव थोडा उतरेल, उतरू द्या.