आलिशान मोटारींचा घसारा कोणाच्या खाती?

अर्ध्या कोटीहून अधिक किमतीची मोटार विक्रेत्याच्या दालनातून बाहेर पडते, त्या दिवशी तिच्या यंत्रात कोणताही फरक पडलेला नसतो. तरीही दुसऱ्या दिवशी ती विकावयास काढली, तर दिलेल्या किमतीस ती कोणी घेणार नाही. तीन ते पाच वर्षांत अशा गाडीचे निम्मे मोल नाहीसे होणे, हे आता बाजारात नवलाचे राहिलेले नाही. श्रीमंतांच्या या नुकसानीबद्दल इतरांनी हळहळण्याचे कारण काय, असे कोणी म्हणेल. परंतु हे सारे नुकसान खरोखरच श्रीमंतांच्या खिशातून जाते काय, असा प्रश्न विचारला, म्हणजे शिक्षक, कारकून किंवा नुकताच नोकरीस लागलेला तरुण यांचाही या विषयाशी संबंध पोहोचतो.

वापराने मोटारीची किंमत उतरलीच पाहिजे, असा काही निसर्गनियम नाही. परवाना-पद्धतीच्या काळात आपल्याकडे नेमके उलट घडत असे. अँबॅसडर, अथवा कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट, जी पुढे पद्मिनी झाली, तिच्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. साहजिकच नंबर लागलेल्याच्या हाती आलेल्या गाडीला खुल्या बाजारात छापील किमतीहून अधिक पैसे मिळत. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० पन्नास हजार रुपयांच्या आत मिळू लागली, तेव्हाही आरंभी तिच्यासाठी ‘ऑन’ मोजणारे होतेच. त्या गाड्यांचे पत्रे विशेष टिकाऊ होते असे नव्हे. टंचाई हेच त्यांचे मोल होते. दुसऱ्या टोकालाही हाच नियम दिसतो. मर्सिडीजची ३०० एसएलआर कूपे ही जगात दोनच बनवली गेली. त्यांतील एक २०२२ साली साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली. आज मात्र मर्सिडीजच्या गाड्या पुण्याजवळ चाकणला तयार होतात आणि कर्जही हात जोडून उभे असते. दुर्मिळता गेली, तेव्हा किंमत टिकणार कशी?

आलिशान मोटार साध्या मोटारीपेक्षा वेगाने उतरते, याचीही कारणे आहेत. तिच्या किमतीत प्रवासाचे मोल थोडे आणि प्रतिष्ठेचे अधिक असते; आणि प्रतिष्ठा ही नव्या नमुन्याबरोबर जाते, जुन्याबरोबर राहत नाही. सरकारी धोरणाचाही फटका बसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल व डिझेलवरील मोठ्या मोटारींवरचा उपकर जाऊन वस्तू व सेवा कर सरसकट ४० टक्के झाला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनी आपोआप उतरते. विजेवरील गाड्यांत तंत्रज्ञानच इतक्या झपाट्याने बदलते की, २०२४ च्या जानेवारीत हर्ट्झ या अमेरिकेतील भाड्याने मोटारी देणाऱ्या कंपनीने आपल्या सुमारे २० हजार विद्युत मोटारी विकून टाकण्याचे ठरवले.

आता हे नुकसान कोण सोसतो ते पाहू. अशा मोटारी पुष्कळदा कंपनीच्या नावावर घेतल्या जातात. आयकराच्या नियमांप्रमाणे व्यवसायातील मोटारीवर दरसाल उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा नफ्यातून वजा करता येतो. एक कोटीची मोटार घेतली, तर पहिल्या वर्षी १५ लाख, दुसऱ्या वर्षी पावणेतेरा लाख, आणि तीन वर्षांत मिळून सुमारे साडेअडतीस लाख रुपये करपात्र नफ्यातून निघून जातात. कराचा दर २५ टक्के धरला, तरी सरकारी तिजोरी साडेनऊ लाखांहून अधिक रकमेस मुकते. कंपनीच्या नावावरील मोटारीस महाराष्ट्रात व्यक्तीपेक्षा अधिक, म्हणजे २० टक्के एकरकमी कर पडतो, हे खरे. पण तोही अखेर व्यवसायाचाच खर्च. उलट, शाळेत जाण्यासाठी शिक्षकाने घेतलेली स्कूटरही झिजतेच. पण तिचा घसारा तो आपल्या पगारातून वजा करू शकत नाही. त्याच्या वाट्याला सर्वांना सारखी मिळणारी ठोक वजावट येते, आणि कर तर पगार हाती पडण्यापूर्वीच कापलेला असतो.

व्यवसायाच्या साधनावर घसारा मिळू नये, असे आमचे म्हणणे नाही. छापखान्याचे यंत्र झिजते, मालमोटार झिजते, आणि त्यांची झीज हा उत्पादनाचाच खर्च आहे. परंतु साधन कोठे संपते आणि डौल कोठे सुरू होतो, याचा विचार कायद्याने करावयास हवा. हा विचार आपल्याकडे पूर्वी झाला होता. ३१ मार्च १९६७ नंतर आणि १ मार्च १९७५ पूर्वी घेतलेल्या मोटारीची किंमत २५ हजार रुपयांहून अधिक असेल, तर वरच्या रकमेवर घसारा मिळत नसे; पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाड्यांचा तेवढा अपवाद होता. पुढे २००१ पर्यंत परदेशी बनावटीच्या मोटारींना ही सवलत सामान्यतः नव्हती. समाजवादी म्हणून ज्यांची आज चेष्टा होते, त्या धोरणांपैकी हे एक, असे म्हणून ते झटकून टाकता येणार नाही. भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेत १९८४ पासून मोटारीवर दरवर्षी मिळणाऱ्या घसाऱ्याला कमाल मर्यादा आहे.

घसाऱ्याचा दुसरा भार उचलतो तो दुसरा मालक. पाच वर्षांची जर्मन मोटार नव्या मध्यम मोटारीच्या किमतीत मिळते आहे, हे पाहून अनेक तरुण कर्ज काढतात. येथे एक साधी गोष्ट नजरेआड होते: गाडीची किंमत उतरते, तिचा खर्च उतरत नाही. सुटे भाग, कारागिराची मजुरी, टायर हे सारे मूळ किमतीच्याच तोलाचे राहते. विमाही येथे पुरता सावरत नाही. विम्याच्या कोष्टकाप्रमाणे चार वर्षे उलटलेल्या गाडीचे मूल्य निम्मेच धरले जाते. आणि जादा हप्ता भरून घसारामाफीची पुरवणी घेतलेली नसेल, तर अपघातानंतर प्लॅस्टिकच्या व रबराच्या भागांची निम्मी किंमत मालकालाच भरावी लागते. पहिल्या मालकाने जी झीज टाळून गाडी विकली, तिचे बिल अशा रीतीने दुसऱ्याच्या दारी येते.

शिवाय गाडीचे खरे अंतरंग विकणाराच जाणतो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखवून दिले की, जेथे ग्राहकाला चांगली व वाईट वस्तू ओळखता येत नाही, तेथे तो सर्वांनाच कमी किंमत देऊ करतो आणि मग चांगली वस्तू बाजारातून हटते. या विचाराबद्दल २००१ साली नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. आलिशान मोटारीच्या बाबतीत ही अनिश्चितता अधिक महाग पडते, कारण तिचा एकच दडलेला दोष लाखाच्या घरात जाऊ शकतो. किलोमीटरचा आकडा मागे फिरवण्याची कला तर आपल्याकडे सर्वज्ञात आहे.

उपाय अवघड नाहीत. अमेरिकेने १९७२ सालीच आकडा फिरवण्याविरुद्ध कायदा केला. बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना तिच्या किलोमीटरच्या नोंदींचा दाखला द्यावा लागतो. आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना अधिकृत परवानगी घेण्यास लावणारे नियम डिसेंबर २०२२ मध्ये झाले. ते योग्य दिशेचे पाऊल आहे. त्यापुढे जाऊन प्रत्येक पीयूसी तपासणीच्या व विमा नूतनीकरणाच्या वेळी किलोमीटरची नोंद सक्तीची करावी, आणि ती अपघाताच्या दाव्यांसह गाडीच्या क्रमांकावर कोणाही ग्राहकास पाहता यावी. आणि घसाऱ्याच्या सवलतीस मोटारीच्या किमतीची वाजवी मर्यादा पुन्हा घालावी.

ज्याला आलिशान मोटार घ्यावयाची आहे, त्याने ती खुशाल घ्यावी. स्वतःच्या पैशाने हौस करण्यास कोणाची हरकत नसावी. मात्र त्या हौसेची झीज एका बाजूने करदात्याच्या आणि दुसऱ्या बाजूने अजाण ग्राहकाच्या खाती मांडली जात असेल, तर ती हौस खाजगी राहत नाही. तिचा हिशेब मागण्याचा अधिकार इतरांनाही आहे.