बारीक म्हणजे निरोगी? कोणी सांगितलं!

"अगंबाई, किती बारीक झालीस!" हे वाक्य आपल्याकडे शाबासकी म्हणून वापरलं जातं. लग्नाच्या हॉलमध्ये ते दहा वेळा तरी कानावर पडतं. त्यावर बंदी घालावी असं माझं स्पष्ट मत आहे. मंडळी, हसू नका, कारण सांगते.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं मधुमेहावरचं संशोधन अनेक वर्षांचं आहे. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक छोटासा मजकूर आणि शेजारी शेजारी उभे असलेल्या दोघांचा फोटो छापला. (साखरेविरुद्ध पुस्तक लिहिणारे युडकिन ते वेगळे.) दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा: २२.३. पण यंत्राने शरीरातली चरबी मोजली, तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! आता बोला. वर मिश्कीलपणे हेही लिहिलं की एक लेखक मॅरेथॉन धावतो आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे दार बंद व्हायच्या आत हॉस्पिटलची लिफ्ट गाठणं.

काट्यावर बारीक, आतून चरबीदार. याला ते 'थिन-फॅट' म्हणतात. आणि हे वडापाव खाऊन सुरू होत नाही हो! १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांच्या गटाने गर्भवतींचा अभ्यास केला. आयांचं गरोदरपणाआधीचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं दंडाने बारीक, पोटाने लहान, पण पाठीवरची कातडी चिमट्यात धरून मोजली तर तिथली चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. म्हणजे काटकसर झाली ती स्नायूंत. चरबी तेवढी राखली गेली.

स्नायू कमी पडले म्हणून काय बिघडलं? जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा इन्शुलिनच्या सांगण्यावरून स्नायू उचलतात. कोठारच लहान असेल तर माल ठेवायचा कुठे? कातडीखालची चरबी हीसुद्धा एक साठवणच आहे, बिचारी तशी निरुपद्रवी. ती साठवण पुरेनाशी झाली की चरबी यकृतात आणि आतड्यांभोवती जमू लागते, इन्शुलिनचं ऐकलं जात नाही आणि मधुमेहाची वाट मोकळी होते. काटा यातलं काहीही सांगत नाही. त्याला किलोभर स्नायू आणि किलोभर चरबी सारखीच.

म्हणून मला राग येतो तो लग्नाआधी महिनाभर काकडी-ताकावर राहणाऱ्या मुलींच्या कौतुकाचा. अशा उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही जातात, मुळात जे कमी आहेत तेच. आमच्या वयाचे लोकही "रात्रीचं जेवण सोडलं, पाच किलो उतरलो" म्हणून मिरवतात. अहो, उतरलं काय ते विचारा ना! या वयात स्नायू आपोआप झिजतात, त्यात तुम्ही हातभार लावताय. नुसतं फिरून भागत नाही, वजनं उचलावी लागतात. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या चालतील, पण उचला.

"मग काय जाड व्हायचं का?" असं कोणीतरी विचारणारच. मुळीच नाही. जाडीचे धोके आहेत तसेच आहेत, उलट आपल्याला ते कमी वजनातच गाठतात, म्हणून तर आपल्याकडे जास्त वजनाची रेघ बीएमआय २५ वरून २३ वर आणली. कमरेला टेप लावा. बायकांना ८० सेंटिमीटर आणि पुरुषांना ९० ही मर्यादा. रक्तातली साखर तपासा, बारीक असलात तरी.

दुसरी पळवाट "आमची जनुकंच तशी" ही. जनुकं असतीलही, पण त्याच गावांतल्या अभ्यासात ज्या बायका पालेभाज्या, फळं, दूध वरचेवर खात होत्या त्यांची बाळं आकाराने बरी होती. ज्यांना कष्टाची कामं जास्त, त्यांची लहान. सुमारे दोन तृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्यांचं बी-१२ कमी पण फोलेट जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला होणारा विरोध सर्वांत जास्त आढळला. सहाव्या वर्षी! त्या पोराने काय पाप केलं होतं?

बी-१२ येतं दूध-दही, अंडी, मासे-मटण यांतून. आणि घरात दुधावरचा पहिला हक्क कोणाचा, हे मी सांगायला हवं का? पुरुषांचा चहा होतो, मुलांचा पेला होतो, मग उरलं तर सुनेला. आपण दोहाळजेवणाला तिला हिरवी साडी नेसवतो, चंद्रकोरीच्या आकाराच्या झुल्यात बसवून फोटो काढतो, पाच पक्वान्नं वाढतो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर कढईत राहिलेलं ती उभ्याने खाते, आणि तिच्या वजनावर शेरे मारायला आपण मोकळे.