नवापूरचे बाकडे आणि ऱ्हाइनवरची ट्राम

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीने ज्यांनी प्रवास केला असेल, त्यांना नवापूर स्टेशनची गंमत ठाऊक असेल. ज्यांनी केला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. या स्टेशनावर एक बाकडे आहे. त्याच्या पाठीवर मधोमध रेघ असून एका अंगाला ‘महाराष्ट्र’ आणि दुसऱ्या अंगाला ‘गुजरात’ असे लिहिलेले आहे. नवराबायको शेजारी शेजारी बसली, तर नवरा एका राज्यात आणि बायको दुसऱ्या राज्यात, असा प्रकार सहज घडतो. स्टेशन सुमारे ८०० मीटर लांब. त्यातले ३०० मीटर आमच्या नंदुरबार जिल्ह्यात आणि बाकीचे ५०० मीटर गुजरातच्या तापी जिल्ह्यात. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत. गाडी उशिरा येणार असल्याचे शुभवर्तमान मात्र मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत समभावाने ऐकवले जाते. रेघेपलीकडे दारूबंदी असल्यामुळे या बाकड्यावर जे विनोद होतात, ते दिवाळी अंकात न सांगितलेले बरे.

स्टेशन आधीचे आणि सीमा मागाहूनची, हे ध्यानात घेतले म्हणजे या गमतीचा उलगडा होतो. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली, तेव्हा त्या वेळच्या पश्चिम खानदेशातली कित्येक गावे गुजरातकडे गेली. रेघ कागदावर ओढली गेली. कागदावरच्या रेघेला रूळ दिसत नाहीत, शेत दिसत नाही आणि कोणाची बहीण कोठे दिली आहे हेही दिसत नाही. नवापुरातल्या कितीतरी घरांचे आजोळ त्या दिवशी परराज्यात गेले. माणसे जागच्या जागीच राहिली.

आता वाचक म्हणतील, मास्तरांनी यंदा भूगोल काढला काय? तसे नाही. मला सांगायचे आहे ते माझ्या एका विद्यार्थिनीच्या नाताळच्या सुट्टीतल्या सहलीविषयी. परंतु ती पोरगी नवापूर तालुक्यातली असल्यामुळे बाकड्याला वळसा घालून पुढे जाता येईना.

मुलगी मावची. बी.ए.ला तीन वर्षे माझ्या वर्गात होती. पुढे भाषाविज्ञान घेऊन पुण्याला एम.ए.ला गेली आणि विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या एका योजनेत तिची निवड होऊन २०२४ च्या हिवाळ्यात एका सत्रापुरती जर्मनीत फ्रायबुर्गला पोचली. हल्ली मुले परदेशातून पत्रे लिहीत नाहीत. फोनवर बर्फाचे फोटो पाठवतात. हिला मी जाताना बजावले होते, की फोटो आईला पाठव, मला पत्र लिही. जानेवारीच्या शेवटाला सहा पानी पत्र आले. अक्षर वर्गात होते तसेच, उजवीकडे कललेले.

नाताळच्या दोन आठवड्यांच्या सुट्टीत वसतिगृह रिकामे झाले. ज्याचे त्याचे घर गाडीच्या पल्ल्यात. हिचे घर कोठे? तेव्हा दोन दिवसांसाठी शेजारच्या फ्रान्सात स्ट्रासबर्गला जायचे हिने ठरवले. महिन्याचा एकोणपन्नास युरोंचा पास होता. त्यावर जर्मनीभर साध्या गाड्यांतून फिरता येई. केल नावाच्या सरहद्दीवरच्या गावापर्यंत त्या पासावर गेली आणि तेथून पुढे ट्राम. ही ट्राम २०१७ पासून ऱ्हाइन नदीवरचा पूल ओलांडून थेट दुसऱ्या देशात जाते. आपल्याकडे शहरबस नदी ओलांडून कसब्यातून पेठेत जावी तशी! घंटा वाजली, दारे मिटली, खाली करड्या रंगाचे पाणी दिसले आणि पाण्यापलीकडे फलकांची भाषा बदललेली होती. डब्यातल्या एका आजीबाईंनी विणकामावरून मान वर केली नाही, असे तिने मुद्दाम लिहिले आहे.

यापुढचा मजकूर मी दोनदा वाचला. तिने लिहिले होते, की सीमा ओलांडण्याची तिला लहानपणापासून सवय आहे, पण मौजेखातर ओलांडण्याची ही पहिलीच वेळ.

शहरातल्या वाचकांना हे जरा उलगडून सांगायला हवे. आमच्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे शंभरातली एकोणसत्तर माणसे आदिवासी. दिवाळी झाली, की नवापूर, अक्कलकुव्याकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या बाजूला जातात. मुकादमाने पावसाळ्यात उचल दिलेली असते. ती हिवाळ्यात अंगाने फेडायची. नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून मोजतात. माणसाला हत्याराच्या नावाने मोजणारी ही भाषा मी कोणत्याही व्याकरणात वाचलेली नाही. पोरे मागोमाग असतातच. ही मुलगी चौथीपर्यंत दर हिवाळ्यात ट्रकच्या हौद्यात बसून गुजरातेत गेली. नाक्यापाशी ट्रक थांबला, की मुकादम डोकी मोजी. पुढे चार-पाच महिने उसाच्या फडाशेजारी पालात मुक्काम आणि तिचे काम म्हणजे धाकट्या भावाला सांभाळणे व वाढ्याच्या पेंढ्या बांधणे. पाचवीला आश्रमशाळेत राहायला गेली तेव्हा हे सुटले. आईवडिलांचे सुटले नाही. ती स्ट्रासबर्गच्या ट्राममध्ये होती, त्या दिवशीही ती दोघे फडातच होती. आपल्या घरात ‘हिवाळ्याची सुट्टी’ या शब्दाला अर्थच नव्हता, असे तिने कोणतीही तक्रार न करता लिहिले आहे.

स्ट्रासबर्गचे नाताळाचे बाजार जुने. त्यांची सुरुवात १५७० सालची सांगतात. शहराच्या मध्यभागी तांबूस दगडाचे मोठे देऊळ आहे. त्याला एकच मनोरा. दुसरा बांधायचा राहून गेला. या एका मनोऱ्याची उंची १४२ मीटर असून दोनशेहून अधिक वर्षे जगातली सर्वांत उंच इमारत म्हणून त्याची ख्याती होती. दिव्यांची वर्णने मी गाळतो, ती कोणत्याही प्रवासवर्णनात मिळतील. खाण्याची गोष्ट मात्र दिवाळीत सांगितलीच पाहिजे. या आल्सास प्रांतात नाताळापूर्वी घरोघरी ‘ब्रेडेले’ नावाच्या छोट्या बिस्किटांचा घाणा निघतो. बडीशेपेसारख्या वासाची, दालचिनीची, लोण्याची असे नाना प्रकार करून डबे भरायचे आणि शेजारीपाजारी वाटायचे. म्हणजे आपला फराळच! चकली नाही एवढाच काय तो त्यांच्या संस्कृतीतला उणेपणा.

बिस्किटांच्या एका दुकानावर एक म्हातारी बसली होती. आमच्या पोरीने शिकाऊ जर्मनीत भाव विचारला. म्हातारीने दिलेले उत्तर जर्मनही नव्हते आणि फ्रेंचही नव्हते, तरी अर्धेअधिक कळले. ती बोलत होती आल्साशियन, तिच्या घरची बोली. पैसे घेताना ती ‘मेर्सी फिलमोल्स’ म्हणाली. यातले ‘मेर्सी’ फ्रेंच आणि ‘फिलमोल्स’ जर्मन घाटाचे. एक आभार, अर्धा या राज्यातला आणि अर्धा त्या. बाकड्यावरच्या रेघेची आठवण पोरीला तिथेच झाली. म्हातारीजवळ तिचा नातू होता. आजी त्याच्याशी बोलीत बोले आणि तो फ्रेंचमध्ये उत्तर देई. आजीचे त्याला समजत होते. बोलता येत नव्हते, किंवा बोलायचे नव्हते.

या प्रांताची कथा ऐकून ठेवण्यासारखी आहे. १८७१ मध्ये तो फ्रान्सकडून जर्मनीकडे गेला, १९१८ मध्ये परत आला, १९४० मध्ये पुन्हा जर्मनांनी घेतला आणि १९४४-४५ मध्ये पुन्हा फ्रान्सचा झाला. दीर्घायुषी माणसाचा देश घर न सोडता चार वेळा बदलला. तेथील एका चौकात १९३६ सालचे युद्धस्मारक आहे. एक आई बसली आहे आणि तिच्या मांडीशी दोन मरणोन्मुख मुलगे आहेत. एक जर्मनीच्या बाजूने लढलेला, एक फ्रान्सच्या. दोघांच्याही अंगावर कपडे नाहीत. गणवेश नसल्यामुळे कोण कोणाकडचा हे कळत नाही. खाली फक्त ‘आमच्या मृतांना’ एवढेच कोरले आहे. कोणासाठी मेले ते लिहिलेले नाही. स्मारक उभे राहिल्यावर सहा वर्षांनी, १९४२ च्या ऑगस्टात, जर्मनांनी आल्सासच्या तरुणांवर सक्तीची लष्करभरती लादली. शेजारचा मोझेल धरून सुमारे एक लाख तीस हजार तरुण नको असलेल्या गणवेशात गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, आमच्या नंदुरबारात शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गोळीबारात पडले. त्या मिरवणुकीतली घोषणा गुजराती होती. आजही आम्ही ती गुजरातीतच सांगतो आणि त्यामुळे कोणा मराठी माणसाचे काही बिघडलेले नाही.

आल्फोन्स दोदेची ‘शेवटचा पाठ’ ही कथा बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकातून अनेकांच्या घरी आलेली आहे. १८७१ नंतर आल्सासमध्ये फ्रेंच शिकवणे बंद होते आणि आमेल मास्तर शेवटच्या तासाला फ्रेंच भाषेचा गौरव करतात. गोष्ट मोठी हृदयस्पर्शी; मीही ती वर्गात भाषाभिमानाचे उदाहरण म्हणून सांगत आलो आहे आणि पुढेही सांगेन. परंतु या पोरीने पत्रात विचारले: सर, त्या बाकांवर बसलेली मुले घरी काय बोलत होती? उत्तर उघड आहे. बहुतेकांच्या घरी त्या म्हातारीचीच बोली असणार. मास्तर रडले ते फ्रेंचसाठी, नंतर आले ते जर्मनसाठी, आणि १९४५ नंतर शाळेत बोली निघाली तर पोरांना शिक्षा होई ती पुन्हा फ्रेंचसाठी. बोलीसाठी फळ्यावर कोणी काही लिहिले नाही. आणि हा दोदे स्वतः दक्षिणेकडच्या नीम गावचा, जिथे फ्रेंचने दुसऱ्या एका भाषेला असेच मागे सारले होते!

आमच्याकडे काय वेगळे आहे? मावची बोलणारे रेघेच्या दोन्ही बाजूंना आहेत. पलीकडच्या गामितांची बोली तिच्या अगदी शेजारची. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गामित, गावित, मावची, पाडवी ही नावे एकाच नोंदीत येतात. शाळा मात्र अलीकडे मराठी, पलीकडे गुजराती. मराठीचा प्राध्यापक असूनही सांगतो, मराठी चांगली यावी म्हणून घरची बोली टाकावी लागते हा समज अडाणीपणाचा आहे. या पोरीचे मराठी माझ्या कित्येक ‘शुद्ध’ विद्यार्थ्यांपेक्षा सरस आहे, आणि ती आजीशी आजवर एक वाक्यही मराठीत बोललेली नाही.

परतीच्या वाटेवर एक प्रसंग घडला. १९८५ च्या शेंगेन करारापासून या देशांमधल्या सीमेवरची तपासणी हळूहळू उठत गेली होती. पण १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर ती तात्पुरती म्हणून पुन्हा सुरू केली. पूल ओलांडल्यावर पोलीस डब्यात चढले. सगळ्यांना विचारले नाही, हिला विचारले. पासपोर्ट आणि परवाना दोन्ही जवळ होते, शिपायाने पाहून सभ्यपणे परत केले. अर्ध्या मिनिटाचे काम. पण तेवढ्यात आपल्याला नाक्यावरचा ट्रक आणि मुकादमाचे बोट आठवले, असे ती लिहिते. विणकाम करणाऱ्या आजीबाईंच्या शेजारी बसूनही सीमा दोघींची एक नसते, हे तिला कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही.

फेब्रुवारीअखेर ती परत आली. मे महिन्यात तिने मला उच्छल तालुक्यात तिच्या आजोळी नेले. आजी ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी अधू, आवाज मात्र खणखणीत. पोरगी फोनवर गाणी ध्वनिमुद्रित करी आणि रात्री देवनागरीत उतरवी. काही स्वर आपल्या बाराखडीत बसेनात. त्यांच्यासाठी तिने अक्षरांवर ठिपके देण्याची एक पद्धत बसवली आहे. दहावीतला धाकटा भाऊ शेजारी बसून मोबाइलवर खेळत होता आणि आजीला मराठीत उत्तरे देत होता. स्ट्रासबर्गच्या म्हातारीची हकीकत नातीने सांगितली, तेव्हा आजीने एकच प्रश्न केला, ‘तिला गाणी येतात का?’ ते विचारायचे राहिले होते. मी मग त्यांना गटे या कवीची गोष्ट सांगितली. १७७०-७१ मध्ये तो फ्रँकफर्टहून शिकायला स्ट्रासबर्गलाच आला होता आणि आल्सासच्या खेड्यांतून म्हाताऱ्यांच्या तोंडची गाणी गोळा करीत हिंडला होता. नातीने ते आजीच्या भाषेत सांगितले. कवीला शेती होती का, अशी तिकडून पृच्छा झाली.

तिचे वडील मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाले, ‘सर, यात नोकरी आहे का?’ प्रश्न रास्त होता. ज्या बापाने उचल घेऊन मुलीच्या विमानाच्या तिकिटाला हातभार लावला, त्याला ‘संस्कृतिरक्षण’ वगैरे ऐकवण्याची माझी छाती नाही. आजतरी नाही, असे मी सांगितले. पुण्यात संशोधनासाठी अर्ज करता येईल, पण शिष्यवृत्तीची खात्री नाही. आणि स्पर्धा परीक्षेचा अर्ज तिने भरावा हे मलाही मान्य आहे. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, की यंदा त्यांनी उचल घेतलेली नाही. धाकट्याची दहावी आहे, घरी कोणीतरी पाहिजे.

एकोणचाळीस गाणी उतरून झाली आहेत. लग्नाची झाली, पेरणीची काही झाली. होळीची मात्र एकही नाही. आजी म्हणते, होळीची गाणी होळीलाच, आधी तोंडातून काढायची नाहीत. पोरीने पुष्कळ विनवले, मीही रदबदली करून पाहिली. म्हातारी हलली नाही. होळी मार्चच्या आरंभी येते. परीक्षेची तारीख अजून लागलेली नाही.